मरणाऱ्याला गायला दम असतो का, दामूकाका?

दामूकाका, तुमच्या जलदान विधीला माईक बंद पडला. मंडपवाल्याने वायरी हलवून पाहिल्या, डब्यावर दोन थापा मारल्या. शेवटी बौद्धाचार्य म्हणाले, राहू द्या. मग सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं. कामतघरची माणसं तुम्हाला माहीतच आहेत. निम्म्या मंडपाचं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात बोलण्यात गेलेलं. असा आवाज लागला, की नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी रिक्षा बंद करून हात जोडले. माईक बंद होता हे मागच्या रांगांना जेवताना कळलं.

नंतर भाषणं झाली. एक पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ म्हणाले, दामोदररावांच्या जाण्याने कलाक्षेत्राची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. डोळ्यांना पदर लावूनच त्यांनी विचारलं, "ह्यो कोण गं?"

"माजी नगरसेवक आहेत काकू."

"मेळ्याला त कदी दिसला न्हाय."

मलाही बोलायला उभं केलं. मी बी.ए. झालेली, आपल्या उन्हाळी मेळ्याच्या संगीतिका मी लिहिते, म्हणून. मी दोन वाक्यं बोलले आणि बसले. लोकांना वाटलं, पोरीला हुंदका आला. हुंदका आला नव्हता. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे. काका, त्या गुरुवारी तालमीत मी पेटीवाल्या प्रकाशच्या कानाशी जे पुटपुटले, ते तुम्ही पाहिलंत का?

ऐकलंत का, असं विचारत नाही. ऐकायला तुम्हाला येत नव्हतं हे अख्ख्या भिवंडीला ठाऊक होतं. तीस वर्षं तुम्ही जॉबर होतात. लूम अडला की पान्हा घेऊन धावायचं आणि चालत्या चाळीस लूमच्या मधोमध उभं राहून तो सुरू करायचा. कान त्यातच गेले. पण शेडमध्ये कोणीच कोणाचं ऐकत नाही. तिथे तोंडाकडे बघून बोलणं कळतं. शेडच्या त्या टोकाला कोण चहा मागतंय आणि कोण मालकाला शिवी देतंय, हे तुम्ही या टोकावरून सांगायचात. म्हणूनच मला झोप नाही.

पण आधी बाकीचं लिहिते. नुसता तो एक गुरुवार लिहिला तर आपला हिशेब अन्यायाचा होईल.

तुम्ही ऑपेरा पाहिलात तो चुकून. तुमच्या मालकाच्या, इक्बालसेठच्या शेडमधलं काळं कापड मुंबईच्या एका थिएटरच्या पडद्यासाठी गेलं होतं, आणि ते उतरवायला टेम्पोबरोबर तुम्ही. आत तालीम चालली होती. तुम्ही परत आलात ते थेट आमच्या चाळीत, आमच्या दारात उभं राहून सांगायला. "रंजे, एक माणूस दार उघडत व्हता. नुसतं दार. पर गाऊन उघडत व्हता! आन बाई आतून सांगते, नको येऊ. तीबी गाऊनच. धा मिंटं तो दारातच!" मी म्हटलं, काका, त्याला ऑपेरा म्हणतात, संगीतिका. ते परदेशातलं असतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. म्हणालात, "का? हितं काय दारं न्हाईत?"

असा आपला मेळा सुरू झाला. मे महिन्यात यूपी-बिहारचे कारागीर गावी जातात, निम्मे लूम उभे राहतात. इक्बालसेठनी शेडचा अर्धा भाग दिला. त्यांची एकच अट होती, "दामूभाई, माल पे कोई पान खा के नहीं बैठेगा." लोक बसणार होते कापडाच्या ताग्यांवर.

संगीतिका लिहायची कोणी, तर मी. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. आई राहनाळच्या गोदामात पॅकिंगला होती, तिला सुट्टी मिळेना, म्हणून ठाण्याच्या कॉलेजात प्रवेशाला तुम्ही माझ्याबरोबर आलात, लग्नाचा सदरा घालून. खिडकीतल्या बाईंनी हळू आवाजात टक्के विचारले आणि तुम्ही लूमच्या आवाजात उत्तर दिलंत. मधल्या जिन्यावरची पोरं थांबली. तीन वर्षं मला तिथे "एकसष्ट टक्के" म्हणत होते. मी तुमच्यावर आठवडाभर रुसले होते. आता वाटतं, एकसष्ट टक्के इतक्या अभिमानाने जगात दुसऱ्या कोणी सांगितले नसतील.

पहिल्या वर्षाचा पहिला प्रयोग आठवतो? मी लिहिलेलं 'नळ'. दोन बाया, एक नळ, पंधरा मिनिटं. महिनाभर आपण तालीम केली ती चालू शेडच्या कोपऱ्यात, कारण दुसरी जागाच नव्हती. आपल्या शेडचे कारागीर सलीमभाई सुताचा धागा पन्नास हातांवरून तुटलेला ओळखतात, तसाच त्यांनी लूमचा ठेका पकडला. चार खटके झाले की सुरुवातीचं गाणं त्यांनी उचलायचं, आठ झाले की बायांनी. सगळं बसलं होतं. प्रकाश रिक्षावरून उतरून पेटीवर बसायचा आणि म्हणायचा, "काका, एकदम मशीन झालंय."

आणि प्रयोग आपण ठेवला शुक्रवारी. भिवंडीत त्या दिवशी लोकांना सुट्टी असते म्हणून. लोकांना सुट्टी म्हणजे लूमलाही सुट्टी, हे तुमच्या, माझ्या, कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पडदा सरकला. प्रकाशने सूर दिला. शांतता. सलीमभाई उभे. प्रकाशने पुन्हा सूर दिला. सलीमभाई छताकडे बघतायत. मी ताग्याच्या मागून दबक्या आवाजात म्हटलं, "सलीमभाई, शुरू करो!"

"कैसे करूँ? लूम तो बंद है."

मग एकदाचे सगळे सुरू झाले, पण ज्याचा त्याचा ठेका वेगळा. आणि आवाज मात्र चाळीस लूमला पुरून उरेल असा, कारण त्यांना तेवढाच लावता येत होता. पहिल्या रांगेतली माणसं तागे घेऊन मागे सरकली. नळावरचं भांडण इतकं पेटलं, की रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया सोडवायला आत आल्या. माझ्या कॉलेजच्या मॅडम मुद्दाम ठाण्याहून आल्या होत्या. त्यांनी आधी एका कानाला रुमाल लावला, मग दुसऱ्या. जाताना म्हणाल्या, "ऊर्जा आहे हं."

मी ताग्यांच्या मागे बसून रडले. तुम्ही मला शोधत आलात तर तुमचेही डोळे भरलेले. मला वाटलं, आपण दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय. तुम्ही माझे दोन्ही खांदे धरून म्हणालात, "रंजे, आज पयल्यांदा मला समदं ऐकू आलं गं! एक शब्द सुटला न्हाय!"

तेव्हा मला हसूही आलं आणि रागही. राग राहिला. मॅडमच्या रुमालाची लाज पुढच्या मेळ्यांतही मनातून जाईना. म्हणून गेल्या वर्षी मी लायब्ररीतून ऑपेऱ्यावरचं जाड इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन सहा महिने वाचलं. त्यात मला मोठा शोध लागला. ऑपेऱ्यात शेवटी माणसं मरतात. विषाने, तलवारीने, टीबीने. आणि मरताना गातात, चांगली दहा-दहा मिनिटं. मग मी या वर्षीसाठी 'शेवटची शिफ्ट' लिहिली. शेड विकून गोदाम होणार आहे, म्हातारा कारागीर शेवटचा तागा विणतोय आणि लूमवर डोकं टेकून गात गात मरतोय. मला वाटलं होतं, तुम्ही मला उचलून घ्याल.

तुम्ही म्हणालात, "मारू नको त्याला."

"काका, संगीतिकेत शेवटी मरण असतं."

"कोन म्हनतं?"

"पुस्तकात आहे."

"बरं, मार. पर गायला लावू नको. मरनाऱ्याला दम असतो का?"

"टीबी झालेले पण गातात काका, त्यात."

तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "टीबी पाह्यला हाय का तू? आमच्या शेडातली चार जणं गेली माझ्यासमोर. खोकल्यातून एक श्वास सापडला तरी लय झालं. गातायत!"

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पुस्तकातलं पान दाखवलं.

पुढे दोन महिने आपलं तेच. चहाच्या टपरीवर तेच, प्रकाशच्या रिक्षात तेच. एकदा तर तुम्ही प्रयोगच केलात. सलीमभाईंना शेडला दोन फेऱ्या पळायला लावलंत आणि म्हणालात, आता गा. सलीमभाई गायले. छान गायले. "काकाजी, अभी और गा सकता हूँ."

"तो मरत न्हाय," तुम्ही म्हणालात. "तो पळून आलाय."

सलीमभाई याही वर्षी मेळ्यासाठी गावी गेले नाहीत. घरी फोनवर त्यांनी काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. "मुझे मरने में कोई दिक्कत नहीं है. आप दोनों बस ये तय करो, कितने मिनट में मरना है."

आणि मग तो गुरुवार. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, शेवटचं गाणं काढून टाकायचं, ठरलं. तुम्ही शेडच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिलात आणि मी प्रकाशकडे वळून पुटपुटले, "यांना काय कळतंय ऑपेऱ्यातलं? जन्मभर नटच तर आवळले."

प्रकाशचा चेहरा उतरला. त्याने डोळ्यांनीच मला खुणावलं. मी वळून पाहिलं तर तुमचं तोंड आमच्याकडेच होतं. तुमच्या मागे दरवाजा उघडा होता, उजेड डोळ्यांवर येत होता, मला तुमचा चेहरा दिसला नाही. तुम्ही वाकलात, जमिनीवरची एक सुताची कांडी उचलली, कांड्यांच्या खोक्यात टाकलीत आणि म्हणालात, "चला, पयल्यापासून."

काका, मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा उपयोग कोणाला तरी खाली बसवायला केला, आणि तो तुमच्यावर केला. कॉलेजच्या खिडकीपाशी मला नेऊन उभं करणाऱ्या माणसावर. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नाही. तरी मी तालीम संपल्यावर तुमच्याजवळ आले नाही. म्हटलं, उद्या बोलू. शुक्रवारी तुम्ही कुठेतरी लग्नाला गेला होतात. शनिवारी काल्हेरला भाचीच्या इमारतीचा जिना चढताना तुमच्या छातीत कळ आली.

दवाखान्यात मी रविवारी आले ती माफी मागायलाच. रिक्षात चार वेळा वाक्य पाठ केलं. पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या जोरात माफी मागायची, तर अख्ख्या वॉर्डासमोर मागावी लागली असती. मग म्हटलं, आवाज न करता नुसते ओठ हलवू. तुम्हाला कळेल. मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे लक्ष गेलं. तो कोपरावर उठून माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. नंतर कळलं, नारपोलीचा कारागीर, वीस वर्षं लूमवर. त्याच्या पलीकडचाही लूमवालाच. आपल्या गावात गुपचूप बोलायची सोय नाही काका.

मग मी मोठ्याने म्हटलं, "तालीम चांगली चाललीय." तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही आत काहीतरी म्हणालात. मास्कच्या आत वाफ धरली आणि मला काही वाचता आलं नाही.

मंगळवारी तुम्ही गेलात. मी तिथे नव्हते, काकू होत्या. मी सिस्टरना विचारलं आणि त्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण तुम्ही असतात तर हेच पहिलं विचारलं असतंत म्हणून लिहिते. तुम्ही गायला नाहीत. पाणीही मागितलं नाहीत. एक श्वास घेतलात आणि पुढचा घेतला नाहीत. तुमचं म्हणणं बरोबर होतं. एवढं बरोबर सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती.

विधीनंतर चौथ्या दिवशी मी काकूंकडे गेले. मेळ्याचं काय करायचं हे विचारायला, असं मी घरी सांगितलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. प्रकाशच्या कानाशी काय म्हटलं ते, शब्दाला शब्द. काकूंनी मान वर केली नाही.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "त्यांनी सांगितलं?"

"गुरवारी घरी आले ते हसतच. म्हनले, रंजी आज म्हनली, याला काय कळतंय. म्या म्हनलं, चाळीस वरसं मी तेच सांगते, तवा न्हाय हसलात!"

मी हसले. हसता हसता रडायलाच लागले.

"म्हनले, पोरगी भांडाय लागली. आदी नुसतं हो काका, हो काका करायची. आता बरुबरीनं भांडते. लय खूश व्हते." काकूंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "पर दुसरी भाकर न्हाय घेतली त्यांनी त्या दिवशी."

काका, यातलं काय मोठं मानायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हसलात तेही खरं असणार. भाकरी घेतली नाहीत तेही खरं. काकू दोन्ही सांगतात, एक लपवून दुसरं सांगत नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी चुकले. नट आवळणं म्हणजे काही न कळणं, असं मला कधीच वाटत नव्हतं. तरी मी ते म्हटलं, कारण त्याने लागेल हे मला माहीत होतं. मला माफ करा.

मेळा बंद करायचा की नाही, याचा निकाल इक्बालसेठनी एका वाक्यात लावला. "शेड मेरा है, मेला दामूभाई का है. मैं कौन होता हूँ बंद करने वाला?" प्रकाश म्हणाला, काकांच्या मनासारखा शेवट करू. सगळे म्हणाले, हो. मीही म्हटलं, हो. त्या दिवशी घरी येऊन मी शेवटचं गाणं काढून टाकलं. चौदा ओळी होत्या. आता म्हातारा नुसता लूमवर हात ठेवतो, खाली बसतो आणि संपतो. एक अक्षर नाही.

परवा शुक्रवारी आपल्या रिकाम्या शेडमध्ये तालीम ठेवली. काकू आल्या. दर वर्षी तुम्ही बोलवायचात आणि त्या म्हणायच्या, घरात ऐकते तेवढं पुरे हाय. या वेळी न बोलावता आल्या, पुढच्या ताग्यावर बसल्या, पाय वर घेऊन. सलीमभाईंनी त्यांना आदाब केला. संगीतिका सुरू झाली. काकू मध्ये दोनदा हसल्या, एकदा प्रकाशला म्हणाल्या, "जरा हळू की रं, तो म्हातारा हाय." मग शेवट आला. सलीमभाईंनी लूमवर हात ठेवला. बसले. मान टाकली. प्रकाशने सूर सोडला. सगळं थांबलं.

"मेला?" काकूंनी विचारलं.

"हो काकू."

"इतक्यात?"

मी म्हटलं, "काकांचं म्हणणं होतं ना, मरणाऱ्याला गायला दम नसतो. म्हणून गाणं काढलं."

"कोनी काढलं?"

"मी."

काकूंनी ताग्यावरून वाकून सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाई मेलेलेच पडून होते, एक डोळा किंचित उघडून. मग काकू म्हणाल्या, "नसतो दम. म्या बघितलं ना. न्हायच आलं त्यांना गाता. खऱ्यात जमत न्हाय म्हनून त तुमी ह्ये गान्याचं काढलं ना समदं? मंग हितं तरी गाऊ दे की त्याला."

माझ्या पिशवीत त्या गाण्याचा काढून ठेवलेला कागद होता. मी तो सलीमभाईंना दिला. ते उठून बसले.

"काकी, कितना गाऊँ?"

"मी बास म्हनंपर्यंत."

प्रकाशने पेटी ओढली. सलीमभाईंनी पुन्हा लूमवर डोकं टेकलं आणि सुरू केलं. चौदा ओळी झाल्या. काकू गप्प. सलीमभाईंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं, या वेळी हळू. तिसऱ्यांदा त्यांनी शब्द सोडले आणि नुसता आवाज लावला. पुस्तकातला कोणीही मरणारा माणूस इतका वेळ गायलेला नाही काका, मी पैजेवर सांगते. भाता ओढून प्रकाशचा हात भरून आला, त्याने हात बदलला. सलीमभाईंनी गाता गाताच एकदा काकूंकडे पाहिलं. काकूंनी मांडीवर हात घट्ट धरले होते आणि अजून बास म्हटलेलं नव्हतं.